दर महिन्याला की एकदाच

छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची गोळी आमच्या मालकांच्या, म्हणजे नवऱ्याच्या, खिशात तीन वर्षांपासून असते. त्यात ते मोबाईलवरून दुसरी गोळी मागवायला निघाले, पुरुषपणाची. माझा जीव तेव्हापासून थाऱ्यावर नव्हता.

त्यांना चिंता वेगळीच. पडद्यावर दोन चौकोन होते. एकात औषध दर महिन्याला आपोआप येणार, स्वस्तात. दुसऱ्यात एकदाच, पण महाग. तीन दिवस त्यांच्या ओट्यावरून गोठ्यात आणि गोठ्यातून ओट्यावर येरझाऱ्या.

"महिन्याचं घेतलं तर बंद कसं करायचं?"

"अवो, आधी चालू तर होऊ द्या."

ते हसले नाहीत.

मी चौथी शिकलेली. मराठी वाचता येतं. मोबाईल ओढून घेतला. खाली प्रश्न होता: छातीच्या दुखण्याची गोळी घेता का? त्यांनी 'नाही' दाबलं होतं.

"खोटं कशाला?"

"व्हय म्हणलं की पुढं जाऊच देत न्हाय."

"मग मुरुम गावच्या डॉक्टरला इचारा."

"तिथं? एकाला तपासत्यात अन् सहा जण उभं राहून ऐकत्यात."

ते खरं होतं. नंबर जाईल म्हणून बाहेर कोणी थांबतच नाही, सगळे डॉक्टरच्या टेबलाभोवती. तरी बाजाराच्या दिवशी मी त्यांना नेलंच.

"काय त्रास?" डॉक्टरांनी विचारलं.

"काय न्हाय. अंग दुखतंय," मालक म्हणाले.

मला राहवलं नाही. "डॉक्टर, ह्यांना बायकोजवळ जायची गोळी मागवायचीय. छातीच्या गोळीसंगं चालती का?"

सगळ्यांच्या माना आमच्याकडे वळल्या. मागून एक म्हातारा म्हणाला, "काकू, जबाब आमाला बी ऐकू द्या."

डॉक्टरांनी सगळ्यांना बाहेर काढून दार लावलं. दोन्ही गोळ्या एकत्र झाल्या तर रक्तदाब इतका उतरतो की माणूस उठत नाही, म्हणाले. दर महिन्यालाही नको, एकदाही नको. आधी हृदयाची तपासणी, मग दुसरा काही इलाज बघू.

मालक घामेजून बाहेर आले. माझ्याकडे बघेनात. तो म्हातारा दारातच उभा होता.

"पावणं, काय म्हणलं डॉक्टर?"

आता हे त्याला शिव्या घालणार, असं मला वाटलं. त्यांनी उलट त्यालाच विचारलं.

"तुमी बी जिभंखालची गोळी घेता का?"

"व्हय."

"मग न्हाय चालत. जीव जातोय."

म्हाताऱ्यानं मान खाली घातली. हळूच म्हणाला, "म्या तर महिन्याचं लावून बसलोय."

मालकांनी त्याचा दंड धरला आणि त्याला नंबर मोडून थेट आत नेलं.