कोपऱ्यातला घास

झुंबरबाईच्या तोंडाला लागायचं नाही, हे डोणगावात कोणाला शिकवावं लागत नसे. एकदा लागलं की माणूस आपोआप शिकत असे. विधवा बाई, गोधड्या शिवून पोट भरणारी. तिची गोधडी दोन पिढ्या पुरायची आणि तिनं दिलेलं टोपणनाव तीन. ग्रामपंचायतीच्या उत्तमरावांना तिनं ‘हारपाटील’ म्हणून ठेवलं होतं, कारण गावात कोणी मेलं तरी हार आधी त्यांच्याच गळ्यात पडायचा.

एकाहत्तर सालची दिवाळी होऊन गेली होती. पूर्व बंगालात माणसं मारली जात होती आणि जीव वाचवून लाखोंनी सरहद्दीच्या अलीकडं येत होती, असं रेडिओ रोज सांगे. उत्तमरावांना त्या लोकांचा कळवळा आला तो जिल्ह्याच्या बैठकीत, शेजारच्या गावच्या पुढाऱ्याचा फोटो छापून आलेला पाहिल्यावर. लगोलग समिती निघाली, अध्यक्ष तेच. दवंडी पिटली गेली, “बंगला देशाच्या लोकायले कपडेलत्ते द्या हो!”

ऐकून ओट्यावर कायम बसलेले पुंजाजी खाली उतरले. “काऊन बे, बंगल्यात राह्यणाऱ्यायले आपल्या चिंध्या कायले लागतात?”

गावाला पटलं. डोणगावात बंगला म्हणजे साहेब उतरतात तो डाकबंगला, तिथं कोंबडी शिजते. दोन दिवस समितीकडं कोणी फिरकलं नाही. शेवटी मास्तरांनी चावडीवर नकाशा टांगला, तेव्हा गावाचं मन द्रवलं आणि घराघरातले माळे साफ झाले. उंदरांनी अर्धा खाल्लेला जरीचा फेटा आला, एका पायाचा बूट आला, काड्या नसलेली छत्री आली. एका दानशूरानं कोटाची नुसती बाही दिली आणि यादीत नाव ‘कोट’ या सदरात लिहून घेतलं. त्यातल्या त्यात बरी निघाली ती बायांची जुनी लुगडी. त्यांच्या गोधड्या करायचं ठरलं आणि हारपाटील झुंबरबाईच्या दारात आले.

ती चार शब्द सुनावेल म्हणून ते तयारीनं आले होते. बाई म्हणाली, “किती पायजेत?”

एकवीस गोधड्या तिनं आणि नसीमानं मिळून सतरा दिवसांत उतरवल्या. नसीमा पिंजाऱ्याच्या घरची, तिची तेवीस वर्षांपासूनची जोडीदारीण. एक ह्या टोकाला, एक त्या टोकाला, मध्ये गोधडी आणि गावाची निंदा. गोधडी पुरी होत आली की शेवटचा कोपरा शिवताना त्यात भाकरीचा तुकडा घालायचा, हा रिवाज दोघींच्याही घरी सारखाच. गोधडी उपाशी राहिली तर पांघरणाराला ऊब देत नाही म्हणतात. ह्या एकवीस कोपऱ्यांत मात्र झुंबरबाईनं तुकडा नव्हे, चांगली अर्धी अर्धी भाकर घातली. नसीमानं पाहिलं आणि सुईत दोरा ओवला.

रवानगीचा समारंभ शाळेपुढं झाला. मांडव, टेबल, टेबलावर चादर आणि खुर्चीत तालुक्याहून आलेले साहेब. खामगावहून गोधड्या रेल्वेनं कलकत्त्याकडं जायच्या होत्या, म्हणून मेहकरवरून खामगावला जाणारा ट्रक उभा होता. साहेबांनी कौतुकानं वरची गोधडी हातात घेतली आणि त्यांच्या बोटांना कोपऱ्यात काहीतरी टणक लागलं.

दिवस लढाईच्या अफवांचे. हेर कुठं कुठं काय लपवतात, हे गावाला पाठ झालं होतं. साहेबांचा चेहरा बदललेला पाहताच पुढच्या रांगेतले पुढारी मागच्या रांगेत गेले आणि पुंजाजी तर थेट चिंचेखाली जाऊन उभे राहिले. चाकू आणून कोपरा उसवला. आतून ज्वारीच्या भाकरीचा वाळलेला अर्धचंद्र निघाला. मग सगळे शूर पुन्हा पुढं आले.

“हे काय? रेल्वेत उंदीर लागतील,” साहेब म्हणाले. “सगळे कोपरे उसवा आणि हे काढून टाका.”

“थांबा साहेब,” झुंबरबाई उठली. “गोधडीतली भाकर कोणाले कामी पडते, ते मले ठावं हाय.”

आणि तिनं सांगितलं. अठ्ठेचाळीस साली ती निजामाच्या हद्दीतून पळून आली होती, तीन वर्षांच्या लेकीला, कोकिळेला, कडेवर घेऊन. रझाकारांनी गाव पेटवलं होतं. नवरा हद्दीच्या अलीकडं पोचलाच नाही. ह्याच शाळेत निर्वासितांना ठेवलं होतं आणि सरकारचं अन्न तिसऱ्या दिवशी आलं. पोर तापानं फणफणलेली, रडायचीही थांबलेली. तेव्हा ह्या नसीमानं, नव्या नवरीनं, आपल्या अंगावरची गोधडी आणून दिली. झुंबरबाईनं कोपरा दातानं फाडला, आतला तुकडा पाण्यात भिजवला आणि पोरीला भरवला. “माही कोकिळा आज जानेफळात नांदते साहेब. तिले दोन लेकरं हायेत.”

साहेब चष्मा पुसू लागले. हे उत्तमरावांनी पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांत एकदम तेज आलं. गोष्ट चांगली होती, फक्त माणूस चुकीचा होता. त्यांनी झुंबरबाईला ट्रकाच्या मागं नेलं.

“हे पाह्य, साहेब आता नरम झाले हायेत. मी भाषणात सांगतो का तो घास माह्या मायनं नसीमाच्या हातून धाडला होता. पाटलाच्या घरचा म्हटलं का साहेब शब्द मोडत नाहीत, आज जेवाले बी माह्याकडंच हायेत. तू उगी राह्यली तं गोधड्या अशाच जातीन. बोलली तं उसवतीन.”

आता ही माय कोण, ते सांगायला हवं. त्या साली झुंबरबाई आधी उत्तमरावांच्याच ओसरीत आसऱ्याला उभी राहिली होती. ह्याच मायनं, “हे लोक घरात घेतले तं ढेकणं होतीन,” म्हणून तिला लेकरासकट बाहेर काढलं होतं. म्हातारी पुढं सुखानं मेली. फोटो ओसरीत आहे.

झुंबरबाईनं एकवीस कोपऱ्यांकडं पाहिलं. तिकडं कुठं तरी कोणी एक बाई दात लावणार होती. ती मांडवात येऊन खाली बसली आणि पदर तोंडाला लावला.

भाषण पाऊण तास चाललं. माउली झाली, अन्नपूर्णा झाली, गावाची पुण्याई झाली. नसीमाचा उल्लेख एकदा आला, तोही ‘घरची एक गडीण’ म्हणून. टाळ्या पडत होत्या. नसीमा झुंबरबाईकडं बघत होती आणि झुंबरबाई जमिनीकडं. साहेबांनी मान डोलावली, उसवलेला एक कोपरा तिथंच शिवून घेतला आणि ट्रक धूळ उडवत मेहकरच्या रस्त्याला लागला.

“काऊन व?” नसीमाचा आवाज चिरकला. “माहं नाव नसतं घेतलं तं चाललं असतं. पर त्याच्या मायचं?”

“बोलली असती तं उसवलं असतं त्यायनं.”

“म्हणून काय त्या ढेकणीले अन्नपूर्णा करतं?” नसीमाला रडू आवरेना. दोघी शाळेच्या पायरीवर बसून राहिल्या. उन्हं कलली, मांडव सुटला, खुर्च्या गेल्या.

“ट्रक मेहकरच्या पुढं गेला असंन?” झुंबरबाईनं विचारलं.

“कधीचाच गेला असंन.”

“मंग चाल.”

उत्तमरावांच्या ओसरीत पंगत रंगात आली होती. साहेब मधोमध, वर म्हातारीचा फोटो, फोटोला ताजा हार. दारात दोघी उभ्या राहिल्या आणि झुंबरबाईनं सकाळपासून दाबून धरलेलं सगळं एका दमात ओतलं. घास कोणाचा, गोधडी कोणाची आणि “साहेब, तुमी जिथं बसले ना, तिथूनच मले हाकललं होतं. ढेकणं होतीन म्हणून!” साहेब नकळत पाटावर जरा सरकले. लाडू हातातच राहिला.

उत्तमराव कच्च्या गुरूचे चेले नव्हते. हसत उठले. “झुंबरबाई, चुकलं माह्यं. सकाळपासून उपाशी हायेस तू. बस, दोन घास खाऊन घे. तुह्यं पान मांडतो.”

“मांड ना,” झुंबरबाई म्हणाली. “पयले नसीमाचं मांड. इथं, साहेबाच्या बाजूले.”

ओसरीतले भुरके मारायचे आवाज थांबले. ह्या पंगतीत पिंजाऱ्याच्या बाईचं पान आजवर कधी पडलं नव्हतं आणि हे सगळ्यांनाच माहीत होतं, नसीमाला तर सगळ्यात जास्त. उत्तमरावांनी एकदा फोटोकडं पाहिलं, एकदा साहेबांकडं. “आणतो,” म्हणाले आणि माजघरात गेले.

दोघी भिंतीला टेकून बसल्या. पाहुण्यांनी ताकभात खाल्ला, हात धुतले, विडे घेतले. साहेबांची जीप आली आणि गेली. झाडणाऱ्या बाईनं उष्टी पानं गोळा करून नेली. माजघरातून कोणी बाहेर आलं नाही.