आप्पांसोबत एक घट्ट वाटी

चमचा ओठांपाशी नेला की आप्पा तोंड मिटायचे. रागानं नाही. डॉक्टरांसमोर लहान मूल मिटतं तसं, डोळ्यांसकट.

"बघितलंसा? असंच करत्यात," काकू, त्यांच्या पत्नी, म्हणाल्या. "सकाळधरनं पोटात काय न्हाय."

मी चमचा खाली ठेवला. गडमुडशिंगीतलं घर. पुढच्या खोलीत आप्पांची कॉट, समोर ओळीनं प्लास्टिकच्या खुर्च्या. आजाऱ्याला बघायला येणाऱ्यांसाठी. दार सताड उघडं.

माझं काम आधी सांगते. मी फूड टेक्नॉलॉजिस्ट आहे, कोल्हापुरातल्या एका लॅबमध्ये. आमचा प्रकल्प गिळता न येणाऱ्या माणसांच्या जेवणाचा आहे. पॅरालिसिसचा झटका येऊन गेला की बऱ्याच जणांचा घसा मंद होतो. घशात दोन वाटा असतात, एक पोटाची आणि एक श्वासाची. आपण गिळतो तेव्हा श्वासाची वाट क्षणभर बंद होते. झटक्यानंतर ती वेळेवर बंद होत नाही. आणि गंमत अशी की अशा माणसाला सगळ्यात धोका असतो तो पाण्याचा. पाणी पळतं. घसा सावध होईपर्यंत ते श्वासाच्या वाटेत उतरलेलं असतं, आणि तिथून न्यूमोनिया.

आपल्याकडे आजाऱ्याला काय देतात? पेज, सरबत, पातळ वरण. सगळं पळणारं.

म्हणून आम्ही घट्ट मूग करतो. मटेरियल सायन्सची मंडळी गवारीच्या डिंकापासून एक पावडर बनवतात. ती मुगाच्या मऊ लगद्यात मिसळली की लगदा एकत्र राहतो, सावकाश सरकतो. लॅबमध्ये तो रिओमीटर नावाच्या यंत्रावर मोजतात. घरी त्याची परीक्षा साधी आहे. काटा-चमच्यावर घ्यायचा, काट्याच्या दातांतून धार लागली तर पातळ. चमचा कलंडला, तर घास एका तुकड्यात पडला पाहिजे. कोण किती गिळू शकतं ते सरकारी दवाखान्यातल्या थेरपिस्ट फरीदा मॅडम ठरवतात. आप्पांना त्यांनी हा घट्टपणा चालेल असं सांगितलं होतं. घसा तयार होता. तोंडच उघडत नव्हतं.

आप्पा शहर बसचे निवृत्त कंडक्टर. आयुष्यभर "पुढं सरका, आत जागा हाय" ओरडलेला माणूस. झटक्यानं उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. समजत मात्र सगळं होतं. अभ्यासात घेताना संमती लागते. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांचा मुलगा संदीप पेन काढून तयार.

"द्या, मी सही करतो. ड्युटीला जायचंय."

"तुमची नंतर. आधी त्यांना विचारूया."

"त्यांना काय कळतंय मॅडम आता?"

मला अशा वेळी राग येतो आणि मी तो लपवत नाही. ज्याच्या घशावर प्रयोग, त्यालाच विचारायचं नाही? मी खुर्ची कॉटजवळ ओढली आणि आप्पांना सगळं सांगितलं. काय खायला देणार, का देणार, नको म्हणायचा हक्क कसा आहे. मग विचारलं, "चालेल?"

आप्पांनी डाव्या हाताच्या बोटानं कॉटच्या लोखंडी पाइपवर टकटक केली. दोनदा.

काकू हसायला लागल्या. "डबल बेल! चला म्हणत्यात."

एकदा म्हणजे थांबा, दोनदा म्हणजे चला. बसमध्ये घंटा अशीच देतात. त्या दिवसापासून आमची बोलण्याची सोय झाली.

काकूंनी त्याच दिवशी चहा टाकता टाकता विचारलं, "आडनाव काय म्हनलीस बाई तुजं?" मी सांगितलं. बौद्ध आहे हेही सांगितलं, कारण पुढचा प्रश्न तोच असतो आणि मला तो दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला आवडत नाही. काकू थोडं थांबल्या. "बरं," म्हणाल्या. चहा आला, चांगल्या कपात आला.

पहिले काही दिवस आप्पा नीट खात होते. आणि मग अचानक हे.

मी लॅबमध्ये सरांना फोन केला. सर म्हणजे आमच्या प्रकल्पाचे प्रमुख.

"खात नाहीत? मग ड्रॉपआऊट लिही आणि पुढचा पेशंट घे."

"सर, कारण कळलं नाही अजून."

"चव आवडली नसेल. ते पण डेटाच आहे."

"आधी खात होते. जीभ तीच आहे, मूग तेच आहेत."

"हे बघ, आपण संशोधन करतोय. समाजसेवा नाही."

"सर, जो खात नाही त्याचं कारण न शोधता पुढं जायचं, याला संशोधन कसं म्हणायचं?"

पलीकडून मोठा श्वास ऐकू आला. "सोमवारी त्यांची तपासणी आहे ना? तोपर्यंत बघ. नंतर माझ्याशी भांडायचं नाही."

सोमवार महत्त्वाचा होता. तोंडानं पुरेसं जात नसेल तर नाकातून पोटापर्यंत पुन्हा नळी घालणार होते. नळी वाईट नसते, पुष्कळांचा जीव तिनं वाचतो. पण आप्पांनी मागच्या वेळी ती ओढून काढली होती, आणि मग दवाखान्यात त्यांचा चांगला हात बँडेजनं कॉटला बांधून ठेवला होता.

काकू मला हे परसात, नळावर भांडी विसळताना सांगत होत्या. "बोलनं न्हाय. एक हात त्येवडा राहिलाय. तो बी बांदला. माज्याकडं बघत होतं सारकं." त्यांनी हातातलं पातेलं दोनदा विसळलं. "त्येवडं परत नगो बाई."

मी विचारलं, "काकू, खाणं बंद झालं त्याच्या आदल्या दिवशी काय झालं होतं?"

"काय न्हाय."

"कोण आलं होतं?"

त्यांनी पातेलं उपडं घातलं. मग नळ बंद करून म्हणाल्या, "कुनाला बोलू नगो. माजा भाऊ आलता, बिद्रीचा. शहाळं घिऊन. मी मागं हुतो. त्येनं मायेनं दोन घोट पाजलं. ह्येंचं डोळं पांढरं झालं, खोकून खोकून निळं पडलं. मग बसलं थोड्या वेळानं. पन तवापासनं…"

"मला सांगितलं का नाही?"

"काय सांगू? भाऊ लांबनं येतोय. त्येला म्हनू, तुज्या शहाळ्यानं मरत हुतं माजं मालक? परत पाय ठेवंल का ह्या घरात?"

मी लगेच फरीदा मॅडमना फोन लावला. त्यांनी श्वास, ताप, खोकला विचारून घेतला आणि दुसऱ्या दिवशी येऊन छाती तपासून गेल्या. छाती साफ होती. आता राहिली होती ती भीती. आप्पांना माणसांसमोर गुदमरायची भीती वाटत होती. समोर खुर्च्यांवर बसून लोक बघतायत, हळहळतायत, आणि मध्ये एकटा माणूस टॉवेल बांधून चमच्यानं खातोय. मी त्यातल्या एका खुर्चीत बसून पाहिलं. त्यांच्या जागी मलाही घास गेला नसता.

"खुर्च्या काढा," मी म्हटलं.

"आनि पावणं कुटं बसवू? डोक्यावर?"

काकूंचंही खरं होतं. आपल्याकडे आजाऱ्याला बघायला जाणं हे कर्तव्य असतं. दार लावलं तर लोक म्हणतील, काकूंना माणसं नकोशी झाली.

उत्तर मला माझ्या घरातून मिळालं. माझे वडील कबनूरला यंत्रमागावर काम करायचे आणि सुट्टीच्या दिवशी पत्रकं वाटायचे. त्यातलं सहभोजनाचं पत्रक मी शाळेच्या पुस्तकांआधी वाचलंय. एका पंगतीला बसा, एकाच भांड्यातलं खा, बाकीची भाषणं नंतर. ते जात मोडण्यासाठी लिहिलं होतं. पण माणसाला पंगतीबाहेर काढायच्या तऱ्हा अनेक असतात. आजारपण ही त्यातलीच एक.

रविवारी मी लॅबमधून आठवड्याभराचा सगळा मूग घेऊन आले. काकूंनी वाट्या मांडल्या. खुर्च्या उचलून सतरंजी टाकली. आप्पांना कॉटच्या कडेला पाठीला लोड देऊन ताठ बसवलं. पावणे यायला लागले. शेजारचे दोघं, काकूंच्या जावा, संदीप. आणि शेवटी विलासमामा. बिद्रीचे. हातात शहाळ्यांची पिशवी.

"कसं हाय दाजी? आणलंय बगा, ताजं हाय."

आप्पांचं बोट पाइपवर गेलं. एकदाच. टक.

मी पुढे झाले. "मामा, शहाळं आत ठेवते. आज इथं येणाऱ्यानं आधी आप्पांबरोबर जेवायचं. आप्पांचंच जेवण."

"तू कोन गं? डॉक्टर हाईस?"

"नाही. हे मूग करणारी."

"मग कर की मूग. आमी पावणं मानूस, आमी काय आजारी हाय व्हय?"

मला त्यांना शहाळ्याचं सांगून टाकावंसं वाटत होतं. जिभेवर आलं होतं. पण काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या. मी फक्त एवढंच म्हटलं, "मामा, झटक्यानंतर पाणी श्वासात जातं. चहा, सरबत, शहाळं, सगळंच. कोणाची चूक नाही, आम्हालाही शिकल्यावर कळलं. म्हणून हे घट्ट."

मामांनी पिशवीकडे पाहिलं. मग आप्पांकडे. त्यांचा चेहरा उतरला. त्यांना कळलं होतं. त्यांनी चपला काढल्या, सतरंजीवर मांडी घातली आणि हात पुढे केला. "आण वाटी."

वाट्या वाटल्या. काकूंनी माझ्या वाटीत स्वतःच्या हातानं वाढलं आणि मला त्यांच्या शेजारी ओढून बसवलं. मी नियम सांगितला. घास घेताना, गिळताना बोलायचं नाही. आप्पांचं लक्ष हललं तर ठसका लागतो.

कोल्हापुरात पंगत आणि आवाज नाही. सगळे अवघडून बसलेले.

मामांनी पहिला चमचा तोंडात घातला. त्यांचे गाल थांबले. भुवया वर गेल्या. गिळायला हवं, थुंकता येत नाही, बोलता येत नाही. मोठ्या कष्टानं त्यांनी तो घास खाली ढकलला आणि नियम मोडला.

"आयला, ह्येत मीठ हाय का न्हाय? ह्ये खाऊ घालताय व्हय माज्या दाजीला?"

थोरली जाऊ म्हणाली, "पोरी, भिंतीला लावायचं हाय का ह्ये?"

आणि आप्पा हसले. अर्धाच चेहरा हसला, पण खांदे पूर्ण हलले. आवाज आला, घोगरा, विचित्र. काकूंनी तोंडावर पदर धरला. त्या कितीतरी महिन्यांनी ऐकत होत्या तो आवाज.

हसू ओसरेपर्यंत मी थांबले. हसताना घास द्यायचा नसतो. मग चमचा भरला आणि त्यांच्या ओठांपाशी न नेता त्यांच्या डाव्या हातात दिला. त्यांनी सगळ्यांकडे एक नजर टाकली. मामांनी आपला दुसरा चमचा उचलून धरला, औषध घेतात तसा. आप्पांनी चमचा धरलेल्या हातानंच पाइपवर बोट आपटलं. दोनदा.

सगळ्यांनी एकदम खाल्लं. आप्पांनीही. हनुवटी किंचित खाली, घास आत, गळ्याची घाटी वर गेली आणि खाली आली. खोकला नाही. मी श्वास सोडला. वाटी संपेपर्यंत त्या खोलीत कोणी बोललं नाही.

पंगतीचं मी दुपारीच मेसेजनं कळवलं होतं. संध्याकाळी सरांचा फोन.

"तू सॅम्पल पाहुण्यांना वाटलंस?"

"हो."

"आपल्या प्रोटोकॉलमध्ये काय आहे? पेशंट एकटा, शांत खोलीत. खाणं मोजायचं आहे आपल्याला, पंगत नाही मोजायची!"

"सर, त्यांनी वाटी संपवली."

"पूर्ण?"

"पूर्ण. स्वतःच्या हातानं."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज. मग, "हा पेशंट आता डेटात धरता येणार नाही, माहिती आहे ना?"

"माहिती आहे."

"मीठ कमी आहे म्हणाले का?"

"भिंतीला लावायचं म्हणाले."

"हं," सर म्हणाले आणि फोन ठेवला.

सोमवारी फरीदा मॅडमनी आप्पांना दवाखान्यात घास देऊन पाहिलं, वजन घेतलं, घरी काय गेलं ते काकूंना विचारलं. नळी घालायची गरज नाही, पुढच्या महिन्यात या, असं त्यांनी सांगितलं. काकूंनी तिथेच, सगळ्यांसमोर, आप्पांचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. आप्पांनी तो सोडवला नाही.

आमचा पेपर लिहून झाला. त्यात आप्पा नाहीत. प्रोटोकॉल मोडल्यामुळे वगळलेले, इतकाच उल्लेख. मी त्यावर सरांशी भांडले नाही, कारण नियम सगळ्यांना सारखा हवा हे मलाही पटतं. मी भांडले ते पुढच्या प्रकल्पासाठी. आता आम्ही दोन गट करतोय, एकटे जेवणारे आणि सोबतीनं जेवणारे. मुगात मीठ वाढलं आहे. चाळलेला कांदा-लसूण मसालाही चिमूटभर आहे, फरीदा मॅडमच्या परवानगीनं.

नव्या प्रस्तावात पावण्यांसाठी स्टीलच्या वाट्या मागितल्या होत्या. खरेदी विभागानं शंका काढली, संशोधनात पाहुणे कशाला, आणि या वाट्या कोणत्या सदरात टाकायच्या? मी उत्तराचा लांबलचक मसुदा केला होता, चांगला तिखट. सरांनी तो वाचला, बाजूला ठेवला आणि स्वतःच्या हातानं एकच शब्द लिहून पाठवला.

उपकरणे.

शंका परत आली नाही. मला त्यातून एवढंच कळलं की भांडण योग्य असलं तरी मसुदा छोटा ठेवावा.