किल्ल्यावर झालेली येळवस

चूक माझीच होती. पण घरात ते कबूल कोण करणार? त्यासाठी मला मालवणपर्यंत जावं लागलं.

गुडघे पार जायच्या आत वडिलांना, म्हणजे अण्णांना, एकदा समुद्र दाखवायचा असं मी ठरवलं होतं. लहानपणी ते मला म्हणायचे, "ज्वारी निघू दे, मग तुला समुद्र दाखवतो." ज्वारी दरसाल निघायची, आणि आमची गाडी निलंग्याच्या एसटी स्टँडापुढं काही जायची नाही. म्हणून मोबाईलवर समुद्राकाठची एक खोली दिसली तशी धडाधड बुक करून टाकली. मी शिकवते त्या शाळेच्या सुट्ट्या बघितल्या. तिथी कोण बघतंय? ती आईनं बघितली. "अगं माय, त्या दिवशी येळवस हाय की!"

येळवस म्हणजे आमच्या लातूरकडची मार्गशीर्षातली अमावास्या. त्या दिवशी घराला कुलूप ठोकून सगळं गाव रानात जेवायला जातं. वाटेनं जाणाऱ्याला हाका मारमारून पंगतीला बसवायचं. ऊन कललं की ताकात ज्वारीचं पीठ कालवून आंबवलेली आंबील मडक्यात घ्यायची आणि उभ्या पिकाच्या कडेनं शिंपडत रानाला फेरी घालायची. पुढं मडकेवाला, मागं आरोळ्या ठोकणारे. मडकं घरातल्या पोरानं घ्यायचं. मी एकटीच पोरगी, म्हणून आमच्याकडं ते अण्णाच घ्यायचे. आजवर एक येळवस चुकवली नव्हती माणसानं.

मी म्हटलं, बुकिंग रद्द करते. "राहू दे. बोलावलंस, येतो," अण्णा म्हणाले आणि माझ्याशी बोलायचेच बंद झाले. चार शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. डॉक्टरांनी गुडघ्यांचं काय सांगितलंय ते आम्हा दोघांना ठाऊक होतं. अजून फार तर एक-दोन वर्षं मडकं घेऊन ढेकळांतून चालता येईल, पुढचं खरं नाही. त्यातली एक येळवस मी घालवली होती.

निघायच्या सकाळी गाडीत आधी आंबिलीचं मडकं बसलं, मग आम्ही. सगळ्या भाज्या-शेंगांच्या मिसळीची भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, सगळं आईनं बांधून घेतलं होतं. मडकं अण्णांच्या मांडीवर. घाटाच्या पहिल्या वळणाला मडक्याचं फडकं फुगलं, दुसऱ्या वळणाला सुटलं आणि पावशेर आंबील गाडी चालवणाऱ्या माझ्या नवऱ्याच्या मानेवर. बिचारा जावई! "थंड वाटलं," एवढंच म्हणाला.

घाट उतरल्यावर मात्र अण्णा खिडकीला चिकटले. सगळा जन्म काळ्या रानात गेलेला. इथं तांबडी माती, जांभे दगड रचून घातलेले गडगे आणि जिकडंतिकडं माड. गाडी थांबवायला लावून त्यांनी मूठभर माती चोळून बघितली. "एवढा पाऊस पडतो म्हणं, पण थांबत न्हाई हिच्यात. सगळा समुद्राला जात असंल," असं आईला सांगितलं. समुद्र दिसला तेव्हाही आईलाच म्हणाले, "लई हाय गं. पण प्यायचा न्हाई."

दुसऱ्या दिवशी येळवस. सकाळी होडीतून सिंधुदुर्गावर निघालो. मडकंही निघालं. होडीवाला म्हणाला, ह्याचं काय काम? आई म्हणाली, "त्याची येळवस हाय."

किल्ल्यावर एक गाईड होता. महाराजांनी पायाच्या दगडांत शिसं कसं ओतलं, तट अजून लाटा कशा झेलतो, सगळं झोकात सांगत होता. अण्णांचं अर्धं लक्ष मडक्यात. मग तो म्हणाला, चारी बाजूंनी खारं पाणी, आणि आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. अण्णा जागच्या जागी थांबले. दुष्काळात लातूरला रेल्वेनं पाणी आलेलं बघितलेला माणूस तो! साखरबावेत वाकून वाकून बघितलं. "आधी पाणी बघितलं असंल, मग किल्ला बांधला. राजा लई शाणा," गाईडला म्हणाले. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

तिथंच सावलीत आम्ही पंगत मांडली. येळवसच ती, अण्णांनी येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारायला सुरुवात केली. "या जेवायला!" गॉगल लावलेल्या एक बाई आंबील बघून थबकल्या. "काका, कितीला ग्लास?"

"इकायची न्हाई बाई, येळवस हाय आमची. बसा!"

बाई बसल्या. मग त्यांची माणसं बसली, मग कुठलीकुठली माणसं. गाईडनं दोन ग्लास मारले आणि सोलकढीपेक्षा बरी म्हणाला. अण्णा खुलले होते, सगळ्यांशी बोलत होते. एक मी सोडून. सगळी आंबील संपली तेव्हा त्यांनी मडकं विसळलं आणि गाईडला गळ घालून साखरबावेचं पाणी भरून घेतलं.

तिसऱ्या दिवशी पहाटे निघालो ते थेट आमच्या रानात आलो. ऊन कललं होतं. मी म्हटलं, "अण्णा, येळवस काल झाली की."

"रानाला कॅलेंडर कळत न्हाई, सांग तिला," अण्णा आईला म्हणाले. साखरबावेच्या पाण्याचं मडकं घेऊन बांधावरून उतरले, दोन पावलं टाकली आणि गुडघ्यानं दगा दिला. तिथंच ढेकळात उभे राहिले. मला वाटलं, आता रडतात की काय. माझाच जीव तुटला.

त्यांनी मागं वळून मडकं माझ्यापुढं धरलं. मी आईकडं बघितलं. आई म्हणाली, "घे की."

मी मडकं कमरेवर घेतलं आणि ज्वारीच्या कडेनं निघाले. डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि मडक्यातलं पाणी मी भसाभसा शिंपत होते. मागून आईच्या खांद्याचा आधार घेत अण्णा येत होते.

"पोरी, हळू शिंप!" ते ओरडले. "चारी कडांना पुरलं पाहिजे. नीट शिकून घे, आता दरसाल तुलाच करायचंय."