डालग्याखालची दुपार

आमची मांजर आत्याच्या हाताला चावली, त्या दिवशी घरात एकच निदान झालं: तिचं डोकं फिरलं. का फिरलं ते मला ठाऊक होतं. मी बोलले नाही.

तेव्हा आम्ही कर्जतला राहत होतो. वडील स्टेशनावर तारमास्तर होते. मी आठ वर्षांची असताना आई गेली. मग वडिलांची थोरली विधवा बहीण घर सांभाळायला आली, आणि वडिलांनी मला पुण्याला मिशनच्या इंग्रजी शाळेत ठेवलं. वर्षातून दोनदा मी घरी येई. ज्या वर्षाचं सांगते आहे, त्या वर्षी हिवतापानं मला आषाढातच घरी पाठवलं होतं, ते दिवाळीपर्यंत. मी पंधरा वर्षांची होते. माझ्याबरोबर लहानपणी सागरगोटे खेळलेल्या मुली सासरी गेल्या होत्या. मराठी बोलताना मला मध्येच थांबून शब्द शोधावा लागे, आणि त्या थांबण्याला लोक गर्व समजत. म्हणून मी बोलणंच कमी केलं होतं. ते सोपं होतं.

मांजर कबरी होती. वडिलांना ती मालगुदामात तांदळाच्या पोत्यांमागे सापडलेली. ताप चढला की ती माझ्या पायांवर येऊन झोपे, उतरला की उठून जाई. दिवसभरात मी कुणाशी चार वाक्यं बोलत असेन, तर तिच्याशी, आणि तीही इंग्रजीत. तिला काही फरक पडत नसे.

भाद्रपदात अविधवा नवमी आली. आई सवाष्ण गेली, म्हणून तिच्या नावानं त्या दिवशी सवाष्णी जेवायला बोलवायच्या. आत्यानं तिघींना सांगितलं होतं. आमच्याकडे अशी पद्धत की पितरांच्या अन्नाला मांजरानं तोंड लावू नये म्हणून सकाळपासून तिला परसात डालग्याखाली झाकायचं, आणि नैवेद्य दाखवून झाला की सोडायचं. डालगं म्हणजे कोंबड्या झाकायची बांबूची मोठी टोपली. ती शेजारून आणली होती. आत्या सोवळ्यात, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. मांजर माझ्या हाकेला आली. मी तिला खाली ठेवलं, वर डालगं पालथं घातलं आणि त्यावर मोडक्या जात्याचा दगड ठेवला.

सवाष्णी आल्या तेव्हा मी पडवीत पाट मांडत होते.

"ही का ती पुण्याची?" एकीनं विचारलं. "आणि अजून इथंच?"

"शाळेत असते," मी म्हटलं.

"शाळेत! अगं, हिच्याएवढी होते तेव्हा माझी दुसरी खेप होती."

"तिथं पाव खायला घालतात म्हणे. खातेस का गं? खरं सांग, आम्ही काय कुणाला सांगतोय!"

तिघी हसल्या. त्या दुष्ट नव्हत्या. एक तर मला जवळ बसवून घ्यायला सरकलीही. पण मी पाट टाकले आणि माळ्यावरच्या माझ्या खोलीत गेले.

नैवेद्य झाला. आत्यानं जिन्याखालून विचारलं, "मांजर सोडलीस का गं?"

मी सोडली नव्हती. परसात जायचं तर मागच्या पडवीतून जावं लागे, आणि तिथं पानं मांडून त्या तिघी बसल्या होत्या. नाही म्हटलं असतं तर आत्या म्हणाली असती, जा, सोड. त्यांच्यासमोरून जावं लागलं असतं, परतही यावं लागलं असतं.

"हो," मी म्हटलं.

मला वाटलं, जेवतील आणि जातील. जेवून त्या विडे लावत बसल्या. सकाळी पाऊस होता. आता ऊन पडलं, भाद्रपदातलं, चामडी सोलणारं. खिडकीतून डालगं दिसत नव्हतं, पण मांजरीचा आवाज येत होता. आधी हाक मारल्यासारखा, मग नुसता ओढलेला. पुढं कुठलंसं कुत्रं कुंपणातून आत आलं. त्याचं गुरगुरणं आणि बांबू ओरबाडल्याचा आवाज ऐकू आला. त्यानंतर ती जी ओरडली, तो आवाज मी मांजराचा कधी ऐकला नव्हता. पडवीतून कुणीतरी "हाड, हाड" केलं, कुत्रं गेलं, आणि बोलणं पुढे चालू झालं. मांजर गप्प झाली. मी पुस्तक मांडीवर घेऊन बसून होते. एकच ओळ वाचत होते.

त्या गेल्या तेव्हा उन्हं कलली होती. मी धावत जाऊन दगड काढला, डालगं उचललं. ती बाहेर आली नाही. अंग भिजलेलं, तोंडाला फेस. एका जागी बांबूच्या पट्ट्या कुरतडलेल्या होत्या आणि तिथं रक्त होतं. मी हात पुढं केला, तशी ती माझ्या हाताखालून सुटली आणि घरात शिरून सरळ माळ्यावर, गोवऱ्या ठेवायच्या अंधाऱ्या कोपऱ्यात गेली.

मी डालगं विहिरीवर धुतलं आणि शेजारी देऊन आले.

त्यानंतर ती कुणासमोर खाली उतरेना. कुणी नसताना येऊन खाई. पाऊल वाजलं की कान मागे टाकून, शेपूट फुलवून फिसकारे. डोळे दिवसाही काळेभोर असत. पाचव्या-सहाव्या दिवशी आत्या तांदूळ पाखडायला सूप घेऊन चुलीपाशी वळली. तेव्हा मांजर तिथं होती. ते विणलेलं काहीतरी आपल्या अंगावर येतंय असं तिला दिसलं असावं. ती पळाली नाही, सुपावर झेपावली, आणि आत्याच्या अंगठ्याच्या मुळाशी दात रुतवले. हात कोपरापर्यंत सुजला.

वडील रागावणारे नव्हते. ते नियम करत. "दिवाळीपर्यंत बघू," ते म्हणाले. "पुन्हा कुणाला चावली वा ओरबाडलं, तर पोत्यात घालून घाटात पाठवायची. लाइनीवरचे लोक रोज वर जातात, नेऊन सोडतील."

"जीव नको रे घ्यायला," आत्या म्हणाली. "सोन्याचं मांजर करून काशीला द्यावं लागतं."

"जीव कोण घेतंय? सोडायची आहे."

घाटात बिबटे होते. ते तिघांनाही ठाऊक होतं.

मग मी तिच्या मागे लागले. दूध घेऊन माळ्यावर जाई, हाका मारी, तिच्या डोळ्यांत बघत हळूहळू पुढं सरके. जितकी मी पुढं जाई, तितकी ती भिंतीत शिरे. तिसऱ्या दिवशी मी वाटी घेऊन रडत जिन्यावर बसले होते, तेव्हा दुधवाली आली. ती कडावची. पहाटे तिकडून निघून आमच्याकडे रतीब घाले आणि दोन घटका टेकून तंबाखू मळे. अंगानं दांडगी, तोंडानं त्याहून.

"काय झालं गं बाय? दूध नासलं का मानूस गेलं?"

मी वर बोट दाखवलं. ती चार पायऱ्या चढली, कोपऱ्यात एकदा नजर टाकली आणि लगेच तोंड फिरवून उतरली.

"हिला कोनी कोंडली व्हती," ती म्हणाली.

मी वाटी पायरीवर ठेवली.

तिनं माझ्याकडं जरा बघितलं. "बरं. नको सांगू. पर तू करतीस काय? डोळ्यांत बघतीस तिच्या?"

"प्रेमानं बघते, मावशी."

"तिला काय ठावं प्रेम हाय का भूक हाय! डोळं लावून पुढं येतंय ते वाघरू, एवढंच तिला कळतं. तिच्याकडं पाठ कर. बस आपली कायतरी काम करत. सुकटीची दोन डोकी मागं टाक, आन् वळून बघू नको. तुला तिची गरज नाय, असं दिसू दे."

"किती दिवस?"

"ते तिला इचार." ती हसली. "तू पन तसलीच हायेस गं. मानूस दिसला की माळ्यावर."

त्या दिवसापासून मी दुपारी कोपऱ्याकडे पाठ करून बसू लागले. आपल्यामागे एक जीव आपल्याला घाबरून श्वास घेतो आहे आणि वळायचं नाही, हे फार अवघड असतं. मी हलक्या आवाजात वाचे, म्हणजे मी कुठं आहे ते तिला कळत राही. सूप, टोपल्या, रोवळी सगळं मी खालच्या खोलीत फळीवर चढवलं. आत्याला सांगितलं, झुरळं होतात. दुधवाली चोरून आणून देई ती सुकट रोज वीतभर अलीकडे टाकी. पहिले आठ दिवस ती मी गेल्यावर खाई. मग एके दिवशी माझ्या पाठीमागे चावण्याचा बारीक आवाज आला. मी वाचायची थांबले. आवाजही थांबला. मी पुन्हा वाचू लागले.

दसऱ्यानंतर ती माझ्या पाठीपासून हातभर अंतरावर येऊन बसू लागली. तिथंच मला धीर धरवला नाही. एका दुपारी तिची शेपटी माझ्या पदराला लागली, आणि मी वळून तिच्या पाठीवर हात ठेवला. चार नखं मनगटापासून वर ओढली गेली. ती पुन्हा कोपऱ्यात.

हे घरात कळलं असतं तर पोतं ठरलेलं होतं. मी शाळेतलं लांब बाह्यांचं पोलकं घालू लागले. ओरखडे पिकले. मी रात्रंदिवस बाही खाली ओढून असे, आणि कोपऱ्याकडे पाठ करून बसणं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

नरकचतुर्दशीच्या पहाटे आत्यानं मला तेल लावायला बसवलं. मी म्हटलं, मी माझी लावते. ती म्हणाली, वर्षाचा सण आहे, गप बस. पणतीच्या उजेडात तिचा हात माझ्या मनगटावरून फिरला आणि थांबला.

"हे काय?"

"खिळा लागला."

"खिळ्याला चार नखं असतात का गं?" तिनं दाराकडे तोंड करून हाक दिली, "ऐकलंस का रे? पोरीला फाडलंय तिनं. पोतं काढ. आज जाऊ दे ती."

बाहेर वडिलांची पावलं वाजली. मला पुढच्या गोष्टी दिसू लागल्या: पोतं, स्टेशन, घाट. मी म्हटलं, "तिनं नाही केलं. मी केलं."

शब्द शोधत शोधत सगळं सांगितलं. डालगं, कुत्रं, ऊन, आणि विहिरीवर धुतलेलं रक्त. दाराबाहेर वडील उभे होते, त्यांनाही ऐकू जात होतं. इंग्रजीत सांगितलं असतं तर फक्त त्यांना कळलं असतं. मी मराठीतच सांगितलं.

आत्याचा तेलाचा हात तसाच माझ्या मनगटावर होता.

"मी विचारलं तेव्हा हो का म्हणालीस?"

"बायका होत्या."

तिनं तेलाची वाटी बाजूला सरकवली. मग म्हणाली, "बायका मलाही होत्याच. सवाष्णींच्या जेवणात मी कशी पुढं येणार? चुलीमागून वाढून देत होते. मलाही ऐकू येत होतं तिचं ओरडणं." तिनं माझा हात धुऊन हळद दाबली. "तू हो म्हणालीस, म्हणून मी मनाला सांगितलं, दुसऱ्या कुणाची असेल. मला कळत होतं आपलीच आहे. सोवळं मोडलं असतं, म्हणून उठले नाही."

मग तिनं माझ्या डोक्यावर ऊन पाणी ओतलं. "डोळे मीट," ती म्हणाली. त्यापुढं त्या विषयावर आम्ही दोघी कधी बोललो नाही.

वडिलांनी पोतं काढलं नाही. भाऊबीजेनंतर त्यांनी मला पुण्याच्या गाडीत बसवलं. निघताना मी माळ्यावर गेले, पाठ करून थोडा वेळ बसले. ती कोपऱ्यातून आली नाही.

महिन्यानं वडिलांचं पत्र आलं. ते नेहमी तारेसारखं लिहीत, मोजके शब्द. माझी प्रकृती विचारली होती, थंडी पडल्याचं लिहिलं होतं, आणि शेवटी: मांजर बरी आहे, तू गेल्यावर चौथ्या दिवशी खाली उतरली, आता चुलीपाशी झोपते, आत्याच्या पाटावर.

वसतिगृहाच्या खाटेवर बसून मी ते पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. मला आनंद झाला, हे खरं आहे. पण चौथ्या दिवशी हे शब्द मला ओलांडता येईनात. ती सुपाला भ्याली असेल, टोपलीला, पावलांना. पण माळ्यावरून उतरायला तिला एकच गोष्ट आड येत होती. डालगं पालथं घालणारे हात तिनं बघितले होते. मी रोज दुपारी तेच हात घेऊन तिच्याजवळ जाऊन बसत होते आणि तिला वाचून दाखवत होते. ती हातभर अंतरावर आली होती, हे तिचं धाडस होतं. मी त्याला माझं यश समजत होते.

वैशाखात मी सुट्टीला घरी गेले. उतरल्यावर हमालानं ट्रंक दारात ठेवली. मी ओटीवर चढले, तोच आतून आत्या लगबगीनं आली. मला वाटलं, मीठमोहरी उतरवायला आली असेल. तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"जरा थांब हं," ती कुजबुजली. "ती जेवतेय."

मी ओटीवर ट्रंकेवर बसले. ऊन रस्त्याच्या पलीकडे सरकलं होतं. आतून ताटली जमिनीवर घासल्याचा आवाज येत होता. मी दाराकडे पाठ केली आणि आवाज थांबायची वाट बघत राहिले.