ऐकण्याच्या परीक्षेत ईरप्पा पास

ईरप्पाला ऐकू येतं की येत नाही, हे इतकी वर्षं शेजारी राहूनही मला छातीठोक सांगता आलं नसतं. मी जकात नाक्यावरचा कारकून. सर्दीनं माझा घसा बसलेला असला तरी त्याला माझं सगळं कळायचं. पण पाठमोरा असला, की मागून ट्रकनं हॉर्न वाजवला तरी हलायचा नाही. अक्कलकोट रोडच्या कारखान्यात चादरींच्या मागांवर त्याची उमेदीची वर्षं गेली. तिथल्या खडखडाटात कानांचा तसाही काही उपयोग नसतो; माणसं एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलतात. मराठी, कानडी, तेलुगू, दखनी, चारही भाषा त्याला ओठांवरून कळायच्या. त्यामुळे कान नेमके कधी गेले, हे त्याचं त्यालाच समजलं नाही.

घोटाळा झाला तो त्याच्या बायकोचे दात गेल्यावर. निंगव्वा वैनींच्या हिरड्या नासल्या आणि दवाखान्यात त्यांचे एकजात सगळे दात काढले. ओठ आत वळले, तोंडाची ठेवणच बदलली, आणि ईरप्पाला बायकोचं बोलणं कळेनासं झालं. जगाचं समजायचं, फक्त घरातलं नाही. वैनी दळण आणा म्हणायच्या, तर हा रॉकेलच्या रांगेत जाऊन उभा. कवळी करून झाली, पण ती टोचायची म्हणून पेल्यातच पडून राहिली. वैनींना वाटे, हा माझंच तेवढं ऐकत नाही. त्याला वाटे, ही मुद्दाम पुटपुटते. दोघंही तक्रार घेऊन माझ्याकडे यायची आणि मी दोन्हीकडून बोलणी खायचो.

शेवटी वैनींनी बोलणंच टाकलं. जेवणं झाल्यावर दोघं उंबऱ्यात बसून गप्पा मारत, त्याही बंद पडल्या. ईरप्पा एकदा मला म्हणाला, "घरात माणूस हाय आन् बोलणं न्हाय. घर वसाड झालंय की." ऐकून मला फार वाईट वाटलं.

त्याच सुमारास एका शाळेत कानांच्या तपासणीचं शिबिर भरलं. ज्याची कमाई बेताची आणि कान खरोखर गेलेले, त्याला ऐकायचं यंत्र मिळणार होतं. खिशात ठेवायची डबी आणि तिच्यातून कानात जाणारी वायर. बराचसा खर्च सरकार सोसणार होतं. मी ईरप्पाला घेऊन गेलो. वैनीही आल्या, त्यांचा यंत्रावर विश्वास नव्हता, नवऱ्यावर तर नव्हताच.

डॉक्टर बाहेरगावचे, सकाळपासून माणसं तपासून दमलेले. त्यांनी ईरप्पाला समोर बसवलं आणि अगदी हळू आवाजात एकेक शब्द म्हणायला सुरुवात केली. ते म्हणाले पाणी, हा म्हणाला पाणी. ते म्हणाले घोडा, हा म्हणाला घोडा. शेजारी उभं राहून मला जे धड ऐकू येत नव्हतं, ते हा खणखणीत आवाजात सांगत होता. मग त्यांनी थरथरणारा लोखंडी काटा त्याच्या कपाळाला टेकवला. मागावर नुसता हात ठेवून तो नीट चाललाय की नाही ते ओळखणारा माणूस, त्याला ती थरथर कळणारच. तो व्हय म्हणाला. डॉक्टरांनी त्याचं नाव खोडलं आणि पुढच्याला बोलावलं.

मी त्याला बाजूला ओढून म्हटलं, गाढवा, सगळी उत्तरं दिलीस कशाला?

तो माझ्याकडे बघतच राहिला. "नापास झालो तर यंत्र कसं देतील?"

जागा शाळेची, समोर साहेब, विचारलं की बरोबर सांगायचं, एवढंच त्याच्या डोक्यात. मी कपाळावर हात मारून घेतला.

वैनी पुढं झाल्या आणि सांगायला लागल्या, की ह्यांना माझं बोलणं अजिबात कळत नाही. ते डॉक्टरांनाही पहिल्या दमात कळलं नाही. त्यांनी ईरप्पाला पुन्हा समोर बसवलं, पुन्हा विचारलं, पुन्हा सगळं बरोबर. मग ते वैनींना म्हणाले, कान ठीक आहेत बाई, तुमचंच बोलणं स्पष्ट नाही, कवळी लावत जा. रांगेतले लोक हसले. मी ओठांचं सांगायला गेलो, पण माझंच मला पटेना. इतकं बिनचूक सांगणारा माणूस बहिरा, हे कोण मानणार? हा इतकी वर्षं आम्हालाच बनवत तर नव्हता ना, असंही मनात येऊन गेलं.

वैनी ईरप्पाच्या पाठीमागं जाऊन उभ्या राहिल्या, डोक्यावरचा पदर सावरला आणि ओरडल्या, "ईरप्पा."

आमच्या पेठेतली त्या वयाची बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. हे म्हणेल, मालक म्हणेल, पोरांचे वडील म्हणेल. लग्नातल्या उखाण्यानंतर वैनींच्या तोंडून ते नाव कुणी ऐकलं नसेल. रांगेतल्या एका म्हातारीनं तोंडाला पदर लावला. वैनी पुन्हा ओरडल्या, तेव्हा त्यांचा आवाज चिरकला आणि बाहेरचा शिपाई आत डोकावला. ईरप्पा मात्र डॉक्टरांच्या तोंडाकडे टक लावून पुढच्या शब्दाची वाट बघत होता.

डॉक्टरांनी तोंडासमोर हात धरला आणि पाणी म्हटलं, घोडा म्हटलं. ईरप्पा गोंधळून त्यांच्या हाताकडे बघत बसला. डॉक्टरांनी त्याचं नाव पुन्हा लिहून घेतलं आणि वैनींची माफी मागितली.

बाहेर आल्यावर ईरप्पा मला विचारत होता, पास का नापास. मी म्हटलं, नापास, आता यंत्र मिळणार. ते काही त्याच्या डोक्यात शिरेना. मग मी घडलं ते सगळं सांगितलं. तो वैनींकडे वळला, तर शरमेनं त्यांनी मान खाली घातली होती आणि डोळे भरून आले होते.

"माजं नाव घेतलं?" त्यानं मला विचारलं. "समद्यांनी ऐकलं?"

मी हो म्हटलं. तो तिथंच शाळेच्या पायरीवर बसला.

"एवड्या वर्सांत नावानं हाक मारली," तो म्हणाला, "आन् ऐकायचा मीच तेवडा ऱ्हायलो."