साखर पेठेतली अर्धी कॉफी

माझं सगळं बदललं ते पुण्याच्या कॉलेजात, तर्कशास्त्राच्या तासाला. मित्राचं, इरण्णाचं, सोलापूरहून आलेलं पत्र मी वहीत दडवून वाचत होतो. "अंबूला बघायला रविवारी पाहुणे येणार. तिच्या बापाशी बोलायचं तर आत्ता ये, न्हायतर बस तितंच पुस्तकं चघळत." मी उठलो.

"कुठं निघालात?" प्राध्यापकांनी विचारलं.

"सोलापूरला."

वर्ग खो खो हसला. त्या वर्गात मी परत पाऊल टाकलं नाही.

पुण्याहून जाणार असाल तर सकाळची पॅसेंजर टाळा. तिसऱ्या वर्गात दौंडनंतर धूळच खायची असते. कुर्डुवाडीला गरम भजी मिळतात, ती मात्र सोडू नका.

सोलापूर मला नवं नव्हतं. मॅट्रिकची दोन वर्षं मी साखर पेठेत खोली घेऊन काढली होती. समोरच अंबूचं घर. बाप मल्लय्या, तेलुगू विणकर. ती खिडकीशी सुताच्या कांड्या भरत बसायची आणि मी भूमितीचं पुस्तक उलटं धरायचो. एकदा तिनंच ते हसून दाखवून दिलं. तेव्हापासून माझा अभ्यास संपला.

इरण्णा गिरणीतून सुटून स्टेशनजवळच्या इराण्याकडे भेटला. संगमरवरी टेबलं, भिंतभर आरसे. "बोलो मियाँ, क्या होना?" एवढंच विचारतात, नाव नाही, गाव नाही. इथली कॉफी म्हणजे रंगीत पाणी. चहा घ्या, मस्कापाव घ्या आणि हवं तेवढं बसा.

"मल्लय्या सकाळी पेठेतल्या कॉफीच्या दुकानात असतोय," इरण्णा म्हणाला. "डोकं थंड ठेव की. तुझं डोकं म्हंजी सोलापूरचा वैशाख."

सकाळी साखर पेठेत जायचा धीर होईना, म्हणून आधी नव्या पेठेतल्या ब्राह्मणी उपाहारगृहात शिरलो. एका आण्यात जायफळ घातलेली दाट कॉफी. वकील मंडळी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचत होती. तिथं रोज कॉफी येईपर्यंत स्वराज्य मिळतं आणि बिल देताना जातं. कॉफी तिथलीच सर्वांत चांगली, पण मी ती तशीच ठेवून उठलो.

साखर पेठेतलं दुकान म्हणजे एक पत्रा आणि चार बाकं. चहूबाजूंनी मागांची खटखट. त्या तालावरच माणसं बोलतात. कॉफी कडवट, चिकोरीची. गिऱ्हाईक एकटं येत नाही. दोघांत एक कॉफी मागवायची, एकानं कपातून प्यायची, दुसऱ्यानं बशीतून. आज सोलापूर म्हटलं की मला त्या दुकानाचा वास येतो.

मल्लय्यानं मला ओळखलं. बाकावर सरकून जागा दिली आणि हाक मारली, "एक कॉफी. दोघांत."

एवढ्या वडीलधाऱ्या माणसाला माझ्यापायी अर्धी कॉफी? मी घाईनं ओरडलो, "नाही नाही! दोन आणा. अख्ख्या दोन."

शेजारच्या दोघांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मल्लय्या नुसता "बरं" म्हणाला. आपला कप तो शेवटपर्यंत प्याला. सुताच्या भावाबद्दल बोलला. मग मी अंबूचं नाव काढलं.

"पोरा, दोन वर्षं समोर ऱ्हायलास," तो शांतपणे म्हणाला. "आमच्या घरचं पाणी पिलास का कदी?"

नव्हतो प्यालो. अंबूनं एकदा तांब्या पुढे केला होता. तहान नाही म्हणालो होतो. सोलापूरच्या उन्हात!

"आज म्हटलं बगू. तर तू कप वेगळा मागिवलास."

"मी तुमच्या मानासाठी मागवला!" मी कप बाकावर आदळला. "तुम्हाला माणसाची पारखच नाही!"

"आवाज खाली," मल्लय्या म्हणाला. "पोरगी माझी हाय. तिला तुमच्या घरात पाणी कोण देणार, ते सांग."

मी उठलो. माफीही मागितली नाही. तरातरा निघालो तो थेट स्टेशनवर.

कुर्डुवाडीला गाडी बदलून छोट्या रेल्वेनं बार्शीला आमच्या घरी आलो. वैशाखात अंबूचं लग्न झालं. इरण्णाचं दोन ओळींचं पत्र आलं. सोलापुरात कॉफी कुठं घ्यावी, असं अजूनही कुणी विचारलं तर मी साखर पेठेतल्याच दुकानाचं नाव घेतो. तिथं माणसाला जागा करून देतात. मला दिली होती.

इरण्णाचं ते पत्र आलं त्याच दिवशी एक विणकर चादरी विकायला आमच्या ओसरीवर आला. आईनं त्याला कोनाड्यातल्या कान तुटलेल्या कपात कॉफी दिली. पिऊन झाल्यावर त्यानं तो आपणच विसळला आणि न सांगता जागेवर ठेवला. हे मी लहानपणापासून पाहत होतो. पाहिलं त्या दिवशी.

आई माझी कॉफी घेऊन आली. मी कोनाड्यातला कप काढून तिच्यापुढे धरला.

"अरे, तो नको! तो बाहेरच्यांचा."

"ह्यातच ओत."

ती ओतेना. मी तो रिकामाच कप हातात घेऊन घराबाहेर पडलो आणि मागे दार ओढून घेतलं.