तिरासाठी दोन भारे

भाताची झोडणी उरकल्यावर मी माहेरी गेले, तर मागच्या अंगणात आईबाबांचं जुंपलेलं. वाद एवढाच, की तीर मारायचा कशावर.

त्या वर्षी राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, टहाळ तोडताना बाबा झाडावरून पडले होते. उजवा हात मोडला. हाड सांधलं, पण हातातला जोर गेला असं त्यांनी मनाशी धरून ठेवलं होतं. कोणी काम सांगितलं की नुसते हाताकडे बघायचे. मला असा संताप यायचा! शिकार सुटून बरीच वर्षं झाली होती, हौस मात्र सुटली नव्हती. बसल्या बसल्या, चारदा थांबत, त्यांनी बांबूच्या काड्या तासल्या, मागे कोंबड्याची पिसं बांधली, पुढे लोहाराकडची टोकं बसवली. जुना कामठा, म्हणजे धनुष्य, ओढता आला तर हात आपला, नाही तर गेला, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

"आंब्यावर मारतो."

"टोक रुतलं म्हंजे? वढताना काडी मोडंल," आई म्हणाली.

"मंग बांधावर."

"बांधात दगड हायत. तीर उडून कुनाच्या डोळ्यात गेला म्हंजे?"

बाबांनी केळीकडे नुसतं पाहिलं.

"घड धरलाय तिनं. खबरदार!"

शेवटी आईनंच पेंढ्याचे दोन भारे एकामागे एक खुंट्याला बांधले. मागे उकिरडा, तिकडे कोणी फिरकत नाही. कोंबड्या डालल्या, बैल पुढच्या दारी बांधले, मला बाबांच्या पाठीशी उभं केलं.

बाबांनी दात आवळून कामठा ओढला. तीर सुटला. भारे हललेसुद्धा नाहीत.

"पेंढा सोडा," आई म्हणाली. "लोखंड बैलाच्या पोटात गेलं तर?"

आम्ही दोन्ही भारे सोडून काडीन् काडी झटकली. तीर नाही. पुढचं गवत चाचपलं, तिथंही नाही. बाबा ओट्यावर जाऊन बसले. "पोचलाच नाय गं. गेला हात. कामठा चुलीत घाल."

मी काहीतरी तिखट बोलणार, एवढ्यात मागून आईची आरोळी आली, "अवो, हिकडं या!"

तीर उकिरड्यात पिसांपर्यंत घुसला होता. दोन भारे पार करून! आई शेणाने माखलेला तीर नाचवत होती. "ह्यो बघा तुमचा गेलेला हात!" मी हसून हसून खाली बसले. बाबा आधी खुळ्यासारखे बघत राहिले, मग असे हसले की त्यांना ठसका लागला. आईचे डोळे भरून आले होते, म्हणून ती लगेच खेकसली, "हसताय काय? एवढा पेंढा आता कोन बांधनार?"

बाबांनी आम्हाला एका काडीलाही हात लावू दिला नाही. दोन्ही भारे त्यांनी एकट्यानं आवळून बांधले.